टेबलावरचा दिवा

संध्याकाळी पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी वायरमननं स्वतःच्याच घराचा मेन स्विच बंद केला. काम कितीही लहान असो, आधी मेन बंद, ही त्याची तीस वर्षांची सवय. गॅलरीत बायकोच्या अभ्यासाच्या टेबलावर दिवा बसवायचा होता. ती पन्नाशीत ऑनलाइन पदवी करणार, यावरून त्यानं महिनाभर ‘कुलगुरूबाई’ म्हणून चिडवलं होतं. दिवा ही त्याची माफी. “अहो, लाइट!” आतून ती ओरडली. प्रवेशासाठी कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र दाखवायची मुदत सहापर्यंत होती. स्विच वर करून इंटरनेट परत येईपर्यंत सहा वाजून गेले. पडद्यावर ‘मुदत संपली’. “बंद करण्याआधी मी एक हाक मारायला हवी होती गं,” तो म्हणाला. “शिव्या तरी दे.” “दिवा बसवून टाका,” ती म्हणाली. विद्यापीठाला पाठवलेल्या विनंतीत तिनं ‘वीज गेली’ एवढंच लिहिलं. आठ वाजेपर्यंत उत्तर आलं नव्हतं.