शुक्रवारचा वाटा

इकरामने परातीतल्या कुस्कुसच्या वाफवलेल्या रव्यावरचा मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि निळ्या ताटलीत ठेवला.

"हा बाबांचा," ती म्हणाली. "रजेवर आले की विचारतील, माझा वाटा कुठंय म्हणून."

"तोवर तो विटून जाईल की गं," जेवायला आलेल्या नुझहाबाई म्हणाल्या.

"शेजारच्या हलीमामावशीच्या फ्रिजमध्ये ठेवते ना मी."

तिची आई रुकिया हसली.

मेक्नेसच्या छावणीजवळच्या शाळेत फौजींच्या मुलांना सांभाळून घेणं हे नुझहाबाईंचं काम. वीस वर्षांत त्यांनी पुष्कळ पोरांचे डोळे पुसले होते, पण या पोरीपुढे त्यांचे हातच बांधलेले. इकरामचा बाप दीड महिन्यापूर्वी वाळवंटातल्या चौकीवर गाडी उलटून गेला. नात्यातलं कुणी आजारी असल्याचं सांगून रुकिया त्याच्या गावी जाऊन त्याला माती देऊन आली. परीक्षा संपेपर्यंत पोरीला कळू द्यायचं नाही, असं तिनं बाईंकडून वदवून घेतलं होतं. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पांढरं घालायचं. ही बिचारी फुलाफुलांचा काफ्तान घालून घरात वावरत होती.

"मला कुठं वाचता येतं?" रुकिया कौतुकानं सांगत होती. "घरात आलेला कागद न् कागद, अगदी फौजेचाही, हीच वाचून दाखवते."

"मग परीक्षेत पहिली येणार म्हणायची," बाई म्हणाल्या.

"बाबा आले तर येईन," इकराम म्हणाली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "येतील ना, बाई?"

"येतील हं," बाई म्हणाल्या. स्वतःची त्यांना लाज वाटली.

इकराम ताटली झाकून बाहेर गेली. रुकियाने तोंडाला पदर लावावा तशी काफ्तानची बाही लावली.

"हे मला नाही जमायचं, रुकिया," बाई उठल्या. "मी आत्ताच सांगते तिला."

"पंधराच दिवस राहिलेत, बाई. पाया पडते तुमच्या."

बाई थांबल्या नाहीत. हलीमाच्या दाराला कुलूप होतं. गल्लीच्या टोकाला मशीद, आणि तिच्या दारात आंधळा भिकारी बा सालेम. त्याला सगळे आपापल्या मेलेल्या माणसांच्या नावानं शुक्रवारचं कुस्कुस देत. येताना बाईंनीही आपल्या आईच्या नावानं दिलं होतं.

इकराम त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. ताटली त्याच्या मांडीवर होती.

"माझ्या बाबांसाठी दुवा मागा, बा," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आमच्या घरी बोलू नका. आईला अजून माहीत नाही, ती फुलाफुलांचाच काफ्तान घालते."