दारापाशी काहीच नाही

"दगडांवर आली का?" टेबलावरच्या फोनमधून मुलीने विचारलं.

"आली की. चांगली जोरात आली," म्हातारा म्हणाला आणि हातातल्या गेमच्या कंट्रोलरकडे त्याने जरा ओशाळून पाहिलं.

साफ खोटं होतं. टीव्हीच्या पडद्यावर एक गाडीवाला हातगाडी ओढत दगडांवरून धडपडत चालला होता, एवढंच त्याला दिसत होतं. हातात काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. सव्वीस वर्षं त्याने रस्ते फोडायचं मशीन चालवलं होतं. मशीनने रस्ते खाल्ले, तशी त्याची बोटंही खाल्ली. गरम कप उचलला तर चटका बोटाला कळायचा नाही, फोड आल्यावर डोळ्यांना दिसायचा. मुलीला हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. ती इतक्या लांब, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

मुलगी गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. चित्रं एक जण काढायचा, आवाज दुसरा द्यायचा आणि हिच्याकडे नुसती थरथर. खेळताना कंट्रोलर कुठे थरथरावा, किती थरथरावा, कधी थांबावा, हे ही ठरवायची. असल्या कामाला पगार मिळतो हे म्हाताऱ्याला अजूनही खरं वाटत नसे. आपण जन्मभर थरथरलो, आपल्याला कुणी खुर्चीवर बसवलं नाही, असं तो शेजाऱ्याला हसत सांगे.

आज मात्र ती हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. उद्या वरिष्ठांची बैठक होती. ते म्हणत होते, थरथर हवी कुणाला? निम्मे लोक बंदच करून ठेवतात, वर बॅटरी खाते ती वेगळीच. काढून टाका. म्हणून तिने सगळं सामान बाबांकडे पाठवलं आणि शेजाऱ्याकडून टीव्हीला जोडून घेतलं.

"खरं सांगायचं, बाबा. तुम्हाला जाणवली तर मी उद्या भांडेन. नाही तर जाऊ दे, काढून टाकू देत."

एरवी त्यांचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. जेवलात? जेवलो. गोळ्या घेतल्या? घेतल्या. मग फोन बंद आणि म्हातारा त्याच खुर्चीवर बसून. तिची आई असती तर गोष्ट वेगळी होती. याला लेकीशी मोकळं होणं कधी जमलंच नाही. ती सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी त्याने कामावरून येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, तुमचा हात थरथरतोय," ती म्हणाली. पोर घाबरली, असं त्याला वाटलं. त्याने हात काढून घेतला, तो पुन्हा काही ठेवला नाही.

आज ती पाऊण तास फोनवर होती. काय वाट्टेल ते होवो, लेकीचं काम पाण्यात जाऊ द्यायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"पुलावर?"

"आली. दात वाजले माझे."

"चिखलात?"

"तिथे जरा मऊ आली."

तो रंगात आला होता. पण सगळ्यालाच हो म्हटलं तर कुणालाही संशय येईल. थापेतसुद्धा मीठ बेतानं घालावं लागतं. तेवढ्यात गाडीवाला एका घरापाशी पोचला, गाडी सोडून उंबऱ्यावर टेकला. घरात दिवा लागला. हलण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

"आणि दारापाशी?"

"दारापाशी काहीच नाही," म्हातारा ठासून म्हणाला.



"बाबा, दगडांवर मी काही ठेवलेलंच नाही. पुलावर नाही, चिखलात नाही. सगळी थरथर त्या दारापाशीच आहे."

पितळ उघडं पडलं. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोटं कधीपासून गेलीत?" तिने हळूच विचारलं.

"झाली बरीच वर्षं."

"मग हातात नका धरू. गालाला लावा."

घरात बघायला होतं कोण? त्याने कंट्रोलर गालाला लावला. गाडीवाला अजून उंबऱ्यावरच बसला होता. आणि गालाला कळलं. बारीकशी थरथर होती. मध्येच थांबायची, दम खायची, पुन्हा यायची. मशीनची नव्हती, मशीन असं दमत नाही. ओळखीची वाटत होती, पण कुठली ते काही केल्या आठवेना.

"आली गं. आता खरंच आली. तू भांड उद्या," तो म्हणाला. "पण ही थरथर कशाची?"

"तुमचा हात आहे तो. थरथरतोय, एवढंच म्हणाले होते मी, बाबा. काढून घ्या असं नव्हतं म्हटलं."