पदरचे तीन शब्द

"तेव्हा!" विंगेतून मावशी कुजबुजली.

रंगमंचावर म्हाताऱ्या राजाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याच्या पायात दुसऱ्याच्याच चपला सरकवल्या.

"काका, तिसऱ्यांदा अडलात आज," समोरच्या खुर्चीतून दिग्दर्शक म्हणाला. आवाज मऊ होता, तेच वाईट. "परवा प्रयोग आहे. उद्यापासून राजाचं काम हा सेनापती करेल. तुम्ही जरा विश्रांती घ्या."

सेनापती लगेच पट्टा सोडायला लागला. कसली ही घाई! डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट काढून राजा रुमालाने आतला घाम टिपत बसला.

मावशी चाळीस वर्षं विंगेत बसून नटांना शब्द देत आली होती. एकदा म्हणे नायक बेशुद्ध पडला, तेव्हा तिने पडद्याआडून अख्खा अंक म्हटला, आणि लोकांनी पडद्यालाच तीनदा पुन्हा बोलावलं. हे ती स्वतःच सांगायची, आणि दर वेळी तिनाचे चार व्हायचे. पण लिहिलेल्या शब्दाला तिने कधी हात लावला नाही, असं सगळे मानायचे. तीसुद्धा.

तिने वही मांडीवर घेतली आणि गुडघ्यावर बोटं आपटत स्वगत पुन्हा मोजलं.

दरबारात राजाच्या ओळी कशा कवायतीला निघाल्यासारख्या. 'माझा शब्दच न्याय जगाचा.' सोळा मात्रा, एक कमी नाही की जास्त नाही. तिथे काका कधी अडले नव्हते. आपल्याच पोराला सुळी दिल्यावर राजा एकटा बोलतो, तिथेच अडायचे. आणि तिथेही सगळीकडे नाही. तीनच ठिकाणी.

ती तिन्ही ठिकाणं मावशीच्या ओळखीची होती.

जुनी वही फाटली म्हणून गेल्या महिन्यात तिनेच ही नवी उतरवून काढली होती. उतरवताना तीन ओळी चार-चार मात्रांनी तोकड्या निघाल्या. नाटककार कधीच देवाघरी गेलेला, विचारणार कुणाला? पेंगला असेल बिचारा, म्हणत तिने लंगड्या ओळींना आपल्या हाताने काठी दिली होती.

आता गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं.

"अहो दिग्दर्शक," ती विंगेतून बाहेर आली. "काका विसरत नाहीयेत. तो 'तेव्हा' माझ्या पदरचा आहे, म्हणून त्यांच्या तोंडात बसत नाही. पुढचे दोनही तसेच."

"मावशी, तुम्ही?"

"ओळ भरत नव्हती. हात शिवशिवले."

सेनापती फिस्सकन हसला. मावशीचे कान तापले, पण तिने पेन्सिल काढून सगळ्यांदेखत तिन्ही शब्द खोडले आणि वही राजापुढे धरली.

राजाने चष्मा लावला. "मग तिथे म्हणू काय, मावशी?"

"काही नाही. त्या बापाची ओळ तिथेच संपते."

"आणि चार मात्रा उरतात त्या?"

"त्या त्याच्याच. आपण कोण भरणार?"

दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. "एकदा. फक्त एकदा."

राजाने मुकुट चढवला नाही. तो हातातच राहिला.

"त्याने मजला बाबा म्हटले," तो म्हणाला. सोळा मात्रा, एकदम ताठ. "मीच दिली ती आज्ञा..."

आणि थांबला.

चार मात्रा गेल्या. आणखी चार गेल्या. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. मागे सिंहासनाला खिळे ठोकणारा सुतार हातोडी वर धरून तसाच राहिला. मावशीने ओठ दाताखाली दाबले. शेजारून उठू पाहणाऱ्या सेनापतीला दिग्दर्शकाने खांद्याला धरून खाली बसवलं, आणि हात तिथेच ठेवला.

सुतार वाकून मावशीच्या कानाशी आला. "काका विसरले वाटतं."

"विसरता आलं असतं," मावशी म्हणाली, "तर आणखी काय हवं होतं रे त्या बापाला!"