पहिलं ताट

चुलीमागच्या भिंतीतला खळगा सकाळी पुन्हा उकरलेला होता. आदल्या दिवशीच सरूबाईने तो शेणामातीने लिंपून सपाट केला होता. आता त्यात चार बोटांचे ओरखडे दिसत होते.

"आली," सरूबाई पुटपुटली. "आंजली आली."

मंगलने हात पदराखाली घेतला. तिच्या नखांत माती होती. दिवस गेल्यापासून ओल्या मातीचा वास आला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. सासू लिंपून जायची आणि हिला राहवायचं नाही. सांगून टाकावं असं वाटलं, पण सासूचा उतरलेला चेहरा पाहून तिने नखांतली माती पदराला पुसली.

अंजली ही मंगलच्या नवऱ्याची पहिली बायको. तीही पोटुशी असताना याच जागी बसून भिंत खायची. बाळंतपणाला नेताना जीपमध्येच सगळं रक्त जाऊन ती गेली, मांजरसुंब्याचा फाटाही आला नव्हता. तिच्या नावाचा चांदीचा टाक आता मंगलच्या गळ्यात होता. दुसरेपणावर आलेल्या बाईला सवतीचा मान ठेवावाच लागतो.

नेकनूरच्या दवाखान्यात नर्सने मंगलची पापणी ओढून पाहिली होती आणि सासूलाच झापलं होतं, "मावशी, हिच्या अंगात रक्तच न्हाई. खाऊ घाला, न्हाईतर ही हाती लागायची न्हाई." सरूबाईने मान डोलावली आणि घरी येऊन नर्सने दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या फळीवर टाकल्या. गोळ्यांनी आणि जास्त खाण्याने पोर मोठं होतं, मग बाई अडते, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. सरूबाई काही दुष्ट नव्हती. तिलाही कुणी कधी आधी वाढलं नव्हतं. गडीमाणसं जेवून उठली की उरेल ते सुनेचं, यात कुणाला काही खटकायचं नाही.

त्या तिन्हीसांजेला मात्र तिने खळग्यापुढे ताट मांडलं. बाजरीची गरम भाकरी, तांदुळज्याची भाजी, मटकीची उसळ, वर गूळ-शेंगदाणे. स्वतःच्या लग्नानंतर एवढं भरलेलं ताट मंगलने पाहिलं नव्हतं.

"जिती असताना तुला शेवटी वाढलं, पोरी," सरूबाई भिंतीला म्हणाली. "आता पयलं घे. पोटभर खा. पन हिला सोड."

मागे न बघता ती बाहेर गेली. भांडी घासायला आत आलेली मंगल टाकाला हात लावून ताटावर बसली.

रिकामं ताट पाहून सरूबाईने भिंतीला हात जोडले. मग रोजच ताट मांडलं जाऊ लागलं. कधी उकडलेलं अंडं आलं, कधी तिळाची चटणी. एक दिवस कडेला लाल गोळीही आली. "रक्त गेलं ना गं तुझं," सरूबाई म्हणाली, "ही पन घे." मंगलला कधी हसू फुटायचं, कधी रडू यायचं. बाईला पहिलं ताट मिळायला मरावं लागतं, हे काही तिच्या मनातून जात नव्हतं.

हळूहळू तिची नखं गुलाबी झाली. पाण्याचा हंडा आणताना धाप लागेनाशी झाली. मातीची ओढ तर कधी सुटली, तिचं तिलाही कळलं नाही. लिंपलेला खळगा वाळून टणक झाला. सरूबाई म्हणाली, "निवली बिचारी."

नववा महिना लागला. एका संध्याकाळी मंगल नेहमीसारखी ताटावर बसली आणि भाकरीवर माती सांडली. तिने वर पाहिलं. खळगा उकरलेला होता. ओरखडे ताजे, ओले.

तिने आपली नखं पाहिली. स्वच्छ होती. तिने भीतभीत ओरखड्यांवर बोटं ठेवून पाहिली. तिची बोटं त्यात मावेनात. ते ओरखडे बारीक होते, हाडांचीच बोटं असावीत तसे.

सासूला तिने हाक मारली नाही. भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतके दिवस अंजलीच्या नावाचं ताट आपणच खाल्लं.

तिने माती झटकून भाकरी मोडली. अर्धी भाकरी, अर्धी भाजी आणि लाल गोळी ताटाच्या पलीकडच्या बाजूला सारली.

"माती नगं खाऊ आता, आक्का," ती हळूच म्हणाली. "ये. ह्यात दोघींचं भागतंय."