चुण्यांच्या टोमॅटोचं बी

शकुनने चुण्यांच्या टोमॅटोच्या बियांची पुडी उचलली, हुंगली आणि पुन्हा बाजूला ठेवली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. फळाच्या अंगावर निऱ्यांसारख्या चुण्या, म्हणून हा चुण्यांचा; तिच्या आईच्या परसातला.

पाऊस ओसरला होता. खाली गल्लीत दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू ठोकले जात होते आणि कोलकात्यातल्या डमडमच्या त्या गच्चीवर टोमॅटो पेरायला याहून चांगला दिवस शोधून सापडला नसता. शकुनच्या पुढ्यात रोपांचे ट्रे मांडलेले. एकात खडगपूरचा गोल टोमॅटो पेरून झाला होता, दुसऱ्यात रांचीचा लांबट, तिसऱ्यात चक्रधरपूरचा पिवळा. नवऱ्याची रेल्वेत जिथे जिथे बदली झाली, तिथल्या बाजारातून एक पिकलेलं गावठी फळ आणायचं, बी धुऊन राखेत घोळवायचं आणि सामानाबरोबर पुढच्या गावी न्यायचं, ही तिची रीत. सगळे टोमॅटो चटकन फळणारे. उशिरा फळणाऱ्याच्या वाटेला ती जायचीच नाही, कारण बदलीचा हुकूम नेमका फुलोऱ्यात यायचा.

"ओ मा, पुन्हा तेच!" रसिका म्हणाली. शकुनची ही लेक कोलकात्यात कॉलेजला गेलेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता मधेच बंगाली व्हायची. "आजीचा टोमॅटो कुठे आहे यात?"

"लावू की पुढच्या वर्षी. जरा बस्तान बसू दे."

"आणि पुढच्या वर्षी बी उगवलंच नाही तर? मामीने फोनवर काय सांगितलं?"

मामी म्हणजे गौरी, शकुनची मिरजेची वहिनी. चुण्यांचा टोमॅटो परसात तीच लावायची आणि चिमूटभर बी दर वर्षी नणंदेला पाठवायची. नणंद ते जिवापाड जपायची, पेरायची मात्र नाही. परवा गौरीने खरं काय ते सांगून टाकलं. परसात केव्हाच फरशी झाली होती, तिथे मोटार उभी राहत होती. ती पाठवत होती ते साठवणीतलं बी, आणि तेही आता संपलं. म्हणजे शकुनच्या आईचा टोमॅटो जगात कुठे उरला असेल, तर तो या पुडीत.

शकुनला हे कळत नव्हतं असं नाही. पण चुण्यांचा टोमॅटो मोठा तालेवार. सावकाश वाढतो, ऐसपैस पसरतो, जानेवारी सरल्याशिवाय फळाला रंग येत नाही आणि मधेच जागेवरून हलवलेलं त्याला मुळीच खपत नाही. पेरला आणि निघावं लागलं तर? निघायचं कुठे, हे मात्र कुणी विचारू नये. तिचे यजमान सदाशिवराव रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीतून निवृत्त झाले होते, हा फ्लॅट स्वतःचा होता आणि त्यांची बदली करणारं आता कुणी उरलं नव्हतं. तरी बाईंनी कुंड्या म्हणून जमवले होते ते कडीचे पत्र्याचे डबे. ट्रकमध्ये चढवायला सोपे!

जिन्यावर धापा ऐकू आल्या. सदाशिवराव वर आले. त्यांच्या मागोमाग विटांचं घमेलं डोक्यावर घेतलेला गवंडी आला. सदाशिवरावांनी खिशातून खडू काढला आणि कठड्यालगत गच्चीवर एक लांबट चौकोन आखला.

"हे काय आता?" शकुनने विचारलं.

"वाफा. तुझ्या आईच्या टोमॅटोसाठी."

"अहो, गच्ची पेलेल का?"

"बरोबर खाली तुळई आहे. जन्म गेला माझा पुलांवर. चार पोती मातीचा हिशोब येत नाही होय मला?"

"आणि सोसायटी?"

"सेक्रेटरी घोषबाबू हो म्हणाले. पहिली टोपली त्यांना द्यायची, चटणीला."

"म्हणजे साखर घालून वाट लावणार!" शकुन म्हणाली, पण तिची नजर विटांवरून हलत नव्हती.

गवंड्याने सिमेंट कालवलं. कठड्याकडच्या बाजूला पहिला थर बसला, त्यावर दुसरा चढू लागला. सदाशिवराव उकिडवे बसून ओळंबा धरत होते, एखादा पूल उभा करत असल्याच्या ऐटीत. शकुन जवळ गेली. एक वीट तिने हळूच ढकलून पाहिली.

"अहो, आणि उद्या हलवायचा झाला तर?"

सदाशिवरावांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "हा हलत नाही. फोडावा लागेल."

शकुनला हसू फुटलं. आधी बारीक, मग इतकं की गवंड्याचा थापीचा हात थांबला. पदराने डोळे पुसत ती तिथेच उरलेल्या विटांवर बसली. लग्नानंतर एवढी गावं झाली, पण इतका आनंद तिला कुठल्याच गावात झाला नव्हता.

"काय झालं, आई?" रसिकाने विचारलं.

"काही नाही. तो रिकामा ट्रे दे इकडे."

तिने पुडी उघडली, राख फुंकरली आणि एकेक बी बोटाने मातीत दाबलं. एकही मागे ठेवलं नाही. वर मातीचा पातळ थर दिला, ओंजळीतून पाणी शिंपडलं. मग उठून ती खडूच्या चौकोनाशी गेली, त्याच्या कडेने चालली, आणि अजून विटा न लागलेली शेवटची रेघ पायाने पुसून टाकली.

"एवढ्याने काय होतंय?" ती म्हणाली. "आणखी लांब घ्या."