बारा नंबरचा पाना

मामाच्या दुकानात अवजारांची फळी आहे. तिच्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली, म्हणजे काय परत आलं नाही ते लगेच दिसतं. लढाईत तो विमानांचा मेकॅनिक होता. ही शिस्त तिथलीच.

बारा नंबरच्या पान्याची जागा मात्र तीस वर्षं रिकामी. तो पाना आपण एका विमानाच्या इंजिनात विसरलो, हे मामाच्या जिवाला लागलेलं. ते विमान पाच जणांना घेऊन उडालं, ते गेलंच. आभाळ स्वच्छ होतं. एक पत्राही सापडला नाही.

"मामा, नवा आणून टांग ना," मी कितीदा म्हटलं.

"त्याचा तो येईल."

काल दुपारी जेवून आलो, कुलूप काढलं. पाना जागेवर लटकत होता, तेलाने माखलेला. मी हात लावला आणि बोट पोळलं.

मामाने जवळ तळहात धरला. "इंजिन आत्ताच बंद केलंय," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पाच कप चहा टाक."

बाहेर पायपुसण्यावर कोणीतरी बूट घासत होतं. तो थांबला, मग त्याच्यामागचा घासू लागला.