फितीवाल्या, पुढे या!

“फितीवाल्या, पुढे या!” बेकरीवाला ओरडला, तशी धोबीण रांगेतून बाहेर पडली आणि तिच्या मागोमाग मान खाली घालून शिंपीणही निघाली. बायका बाजूला सरकल्या. कोणी शिंपिणीच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी तिच्या लेकीचा गाल कुरवाळला. लढाईत ज्या घरचा माणूस मेला त्या घरच्या बाईनं दंडावर काळी फीत बांधायची आणि सगळ्यांच्या आधी पाव घ्यायचा, हा गल्लीनं आपला आपणच केलेला कायदा होता. सरकारचे सगळे कायदे मोडणारी ही गल्ली एवढा एक मात्र पाळत होती. पुरावा कोणी मागत नसे. असल्या बाबतीत कोण खोटं बोलेल?

शिंपीण बोलली होती. तिचा नवरा मेला नव्हता. निदान तशी खबर तरी नव्हती. पण थंडी पडली आणि पाव रांगेच्या निम्म्यावरच संपू लागला. लेक भुकेनं रडायची. मग एक दिवस ती रडायचीही थांबली, आणि त्या न रडण्याला शिंपीण घाबरली. गल्लीतल्या सगळ्या फिती तिनंच शिवून दिल्या होत्या. टोपलीत काळ्या कापडाची एक चिंधी उरली होती. पोटासाठी माणूस काय वाटेल ते करतं. हिनं जिवंत नवऱ्याचं मरण दंडावर बांधलं. पहिल्या दिवशी तिला त्या पावाचा घास गिळवला नाही. दुसऱ्या दिवशी गिळवला. तिला जास्त लाज वाटली ती त्याची.

आता फीत सोडायची तरी कशी? मेलेला नवरा पुन्हा कुठल्या तोंडानं जिवंत करायचा?

रांगेत गप्पा चालत. तिथं एक आजी होती, तिला सगळ्या ‘बातमी आजी’ म्हणत. तिच्याकडची बातमी खरी असो वा नसो, ताजी नक्की असे. धोबिणीनं एकदा तिला विचारलं, “आजी, अर्धं जग भांडतंय, पण लढाई लागली तरी कशावरून?”

“कुणीतरी राजपुत्राला मारलं म्हणे. मग यानं सैन्य जमवलं, म्हणून त्यानं जमवलं. तो आधी घुसेल म्हणून हाच आधी घुसला. आणि जो तो म्हणतो, मी नाही, त्यानं सुरू केलं.”

“म्हणजे आमच्या पोरांसारखंच की! फक्त यांचे कान उपटायला आई नव्हती.”

सगळ्या हसल्या. धोबीणही हसली. तिच्या दंडावरची फीत विटून गेली होती. तिचा नवरा कुठल्याशा नदीपलीकडे पडला, एवढंच तिला कळलं होतं. प्रेत मिळालं नव्हतं. शिंपिणीला मात्र हसू आलं नाही. दुसरी आधी पोचेल या भीतीनंच तीही पुढे घुसली होती.

आज ती पाव घेऊन वळली, तर गल्लीच्या तोंडाशी एक शिपाई उभा होता. दाढी वाढलेली, एक हात गळ्यात बांधलेला. लेकीनं आधी ओळखलं.

“बाबा!”

रांगेतल्या माना वळल्या. शिंपिणीच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की आता सगळ्यांना कळणार. नवरा जिवंत असल्याचा आनंद त्याच्या मागून आला.

आता सगळ्या तोंडावर थुंकणार, असं धरून ती उभी राहिली. पण धोबिणीनं धावत येऊन तिला मिठी मारली. “खबर चुकीची होती गं! जिवंत आहे तुझा माणूस!” बायका रडत होत्या, हसत होत्या. बेकरीवाल्यानं आणखी एक पाव तिच्या हातात कोंबला. नवरा भांबावून तिच्या दंडाकडे पाहत राहिला.

धोबिणीनं तिचे खांदे धरले. “म्हणजे सरकारची खबर खोटी निघते तर! माझ्या माणसाचं तर प्रेतही मिळालं नाही. ताई, माझाही येईल ना?”

खरं सांगायची हीच वेळ होती. शिंपिणीनं तोंड उघडलं. धोबिणीचा चेहरा अगदी जवळ होता, आणि इतका उजळलेला तो तिनं कधीच पाहिला नव्हता.

“येईल,” ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं एका हातानं तिच्या दंडावरची फीत सोडली. “पोरगी जगली ना? मग झालं,” एवढंच तो म्हणाला. त्यानं माफ केलं, पण तिलाच स्वतःला माफ करता येईना.

सकाळी सगळ्यांसमोर कबूल करायचं ठरवून ती निघाली. शिव्या देतील तर देऊ देत. रांगेच्या अगदी शेवटी ती उभी राहिली.

“फितीवाल्या, पुढे या!” बेकरीवाला ओरडला.

कोणी हललं नाही. त्यानं पुन्हा हाक दिली. शिंपिणीनं मान वर करून पाहिलं. धोबीण आणि तिच्यासारख्या सगळ्याजणी भुकेली पोरं कडेवर घेऊन, गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून आपापल्या जागी उभ्या होत्या, आणि एकीच्याही दंडावर फीत नव्हती.